"आई, आपली जहाजं कुठे आहेत?" : जहाजांच्या म्युझियममध्ये मुलांनी विचारलं तर काय सांगाल?

पोस्ट मोठी आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. अमेरिकेतल्या आई-बाबांना समोर ठेवून लिहिलंय, पण लंडन, दुबई, मस्कतकरांनाही शेवटी काहीतरी आहे. मधेच सोडू नका.

भारतातून आजी-आजोबा आले की आपली वॉशिंग्टनची ट्रिप ठरलेली असते. व्हाइट हाउसच्या कुंपणापाशी फोटो, विमानांचं म्युझियम, लिंकन मेमोरियलच्या पायऱ्या, संध्याकाळी एखाद्या देशी हॉटेलात थाळी. त्यात एक दिवस जास्त असेल तर कोणीतरी म्हणतं, "अॅनापोलिसला जाऊन येऊ, समुद्र बघू." तिथे पोचल्यावर बंदरावर आइस्क्रीम खायचं, बोटींपुढे फोटो काढायचे आणि गाडीत बसायचं. वॉशिंग्टनहून तीस मैल जायचं आणि त्या गावातली सगळ्यात भारी गोष्ट न बघता परत यायचं.

ती गोष्ट म्हणजे अमेरिकन नेव्हल अॅकॅडमीच्या आवारातलं म्युझियम. इमारतीचं नाव प्रेबल हॉल. तिथे जहाजांची मॉडेल्स आहेत, आणि ती दुकानात मिळणारी शोभेची मॉडेल्स नव्हेत. हेन्री हटलस्टन रॉजर्स नावाच्या एका श्रीमंत कर्नलने आयुष्यभर जमवलेला संग्रह त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे १९३५ साली अॅकॅडमीला मिळाला. त्यात १०८ मॉडेल्स आहेत. हो, जपमाळेतल्या मण्यांइतकीच. साधारण १६५० ते १८५० या दोनशे वर्षांतली. म्हणजे खरी जहाजं ज्या काळात समुद्रावर होती, त्याच काळात ही मॉडेल्स बनली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, शिवाजी महाराजांनी आरमार उभं केलं तेव्हापासून ते पेशवाई बुडून एक पिढी उलटेपर्यंतचा काळ.

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांना तिथे न्या, निदान दोन तास द्या आणि एका प्रश्नाचं उत्तर घरून तयार करून जा. तो प्रश्न शीर्षकात आहे. तुमची मुलं आठ-नऊ वर्षांच्या वरची असतील तर तो येणारच. "आई, व्हेअर आर अवर शिप्स?" त्याचं आपण काय उत्तर देतो यावर बरंच काही अवलंबून आहे असं मला वाटतं. ते का, ते सांगते.

आधी, बघायचं कसं

काचेच्या पेट्यांची रांग बघून मुलं दहा मिनिटांत कंटाळतील, जर आपण त्यांना नुसतं फिरवलं तर. म्हणून सगळी १०८ बघायची नाहीत. तीन-चार निवडा आणि तिथे बसकण मारा. खरंच खाली बसा, किंवा मुलांच्या उंचीवर वाका. वरून बघितलं तर ते खेळणं दिसतं, पाण्याच्या पातळीवरून बघितलं तर जहाज दिसतं.

पहिली गंमत मापाची. इंग्लंडच्या सरकारी गोद्यांमध्ये बनलेली ही मॉडेल्स बहुतेक १:४८ या प्रमाणात असायची. म्हणजे खऱ्या जहाजावरचा एक फूट इथे पाव इंच. मुलांना विचारा, "या जहाजावर तू उभा राहिलास तर केवढा दिसशील?" साडेपाच फुटांचा खलाशी इथे जेमतेम दीड इंचाचा होतो. मग एवढ्या तोफा, एवढ्या दोऱ्या आणि एवढ्याशा जागेत शेकडो माणसं कशी राहत असतील, हे मुलं आपोआप बोलायला लागतात.

दुसरी गंमत म्हणजे बरगड्या. जुन्या इंग्रजी मॉडेल्समध्ये पाण्याखालच्या भागावर फळ्या मुद्दाम मारलेल्या नसतात. आतला सांगाडा उघडा ठेवलेला असतो: खाली कणा आणि त्यातून दोन्ही बाजूंना वर चढत जाणाऱ्या लाकडी बरगड्या. माशाचं कालवण खाऊन झाल्यावर ताटात काटा उरतो ना, अगदी तसं. ज्या भागाला खऱ्या जहाजात कोणाची नजर लागत नाही, तो इथे दाखवण्यासाठी ठेवलाय.

तिसरी गंमत मुलांना सगळ्यात जास्त आवडते. जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, नाळेवर, खलाशांची शौचाची जागा असायची. काही मॉडेल्समध्ये ती भोकं पाडलेली फळीसुद्धा दिसते. ती शोधायला सांगा. पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

हाडांची जहाजं

आणि मग वेगळ्या रंगाची मॉडेल्स येतात. पांढरी, पिवळसर, हस्तिदंतासारखी. हस्तिदंत नाही ते. हाडं आहेत. जेवणातली हाडं.

नेपोलियनच्या काळात इंग्लंड आणि फ्रान्सची वर्षानुवर्षं युद्धं चालली. पकडलेले हजारो फ्रेंच खलाशी आणि सैनिक इंग्लंडमधल्या कैदेत पडून होते, काही जण दहा-दहा वर्षं. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस नावाची खास युद्धकैद्यांसाठी बांधलेली छावणी १७९७ मध्ये सुरू झाली. या कैद्यांना शिध्यात मांस मिळायचं. त्यातली हाडं ते उकळून, घासून साफ करत, त्याच्या पातळ पट्ट्या काढत आणि त्या लाकडी सांगाड्यावर बसवून जहाजं करत. दोऱ्यांसाठी रेशीम किंवा माणसाचे केससुद्धा वापरत. काही मॉडेल्समध्ये खालून एक दोरी ओढली की सगळ्या तोफा एकदम आत जातात. कैद्यांना आपल्या वस्तू विकायची मुभा होती. आसपासचे इंग्रज येऊन त्या विकत घेत आणि त्या पैशांतून कैद्यांना बरं खायला-ल्यायला मिळे.

या कैद्यांकडे गोदीतले नकाशे नव्हते. आठवणीतून काम चालायचं. त्यामुळे हाडांच्या जहाजांची प्रमाणं बऱ्याचदा चुकलेली असतात. डोलकाठ्या फार उंच, तोफा फार मोठ्या. शेजारच्या गोदीतल्या मॉडेलशी ताडून बघा, लगेच कळतं.

मला स्वतःला ती हाडांची जहाजं जास्त जवळची वाटतात, आणि का ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. घरापासून लांब, हाताला जे लागेल त्यातून, आठवेल तसं. आपण कैदी नाही, आपल्या मर्जीने आलोय, तेव्हा तुलना फार ताणत नाही. पण इथल्या बेसमेंटमधली आपली मंगळागौर, चार घरांनी मिळून काढलेला ढोल-ताशा, रविवारची मराठी शाळा, हे सगळं त्याच जातीचं आहे. प्रमाण थोडं चुकलेलं असतं. पुण्याहून आलेली मावशी गालातल्या गालात हसते. हसू दे. तिच्याकडे गोदी आहे, आपल्याकडे हाडं आहेत.

आता तो प्रश्न

इंग्रजांची जहाजं बघून झाली, फ्रेंचांची झाली, अमेरिकेची झाली. "मग आपली?"

या प्रश्नाला आपल्या घरांत दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे, "असतील कुठेतरी, चल पुढे." दुसरं म्हणजे फॉरवर्ड. आपल्या पूर्वजांनी जगाला जहाजं शिकवली, सगळं आपल्याकडेच होतं, इंग्रजांनी चोरलं, वगैरे.

पहिल्या उत्तरातून मूल समजतं की आपल्याकडे काही नव्हतंच. दुसऱ्या उत्तराचा धोका आणखी मोठा आहे. आपली मुलं आठवी-नववीत गेली की प्रत्येक गोष्ट तपासून बघायला शिकतात. शाळाच शिकवते तसं. एक फॉरवर्ड खोटा निघाला की त्यांच्या लेखी आपल्या सगळ्याच गोष्टी त्याच टोपलीत जातात, खऱ्यासुद्धा.

उदाहरण देते, कारण ते याच भागातलं आहे. "अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बनलेल्या जहाजावर लिहिलं गेलं" हा मेसेज तुम्हालाही आला असेल. मिंडेन नावाचं युद्धजहाज मुंबईच्या गोदीत बनलं, १८१० मध्ये पाण्यात उतरलं, हे शंभर टक्के खरं. पण सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरच्या किल्ल्यावर तोफा डागल्या जात होत्या, त्या रात्री फ्रान्सिस स्कॉट की हा कैदी सोडवण्याच्या बोलण्यांसाठी आलेल्या अमेरिकन जहाजावर होता, असं इतिहासकार सांगतात. तो किल्ला अॅनापोलिसपासून तासाभरावर आहे. तुमची मुलगी शाळेच्या सहलीला तिथे जाईल आणि गाइडला अभिमानाने मिंडेनची गोष्ट सांगेल. गाइड हसून दुरुस्त करेल. त्या दिवशी ती घरी येऊन काय म्हणेल, याचा विचार करा.

आणि याची गरजच नाही हो. खऱ्या गोष्टी याहून भारी आहेत.

खरं उत्तर

मी माझ्या मुलांना जे सांगितलं ते इथे देते. तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा.

एक. आपली जहाजं होती. शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात कल्याण-भिवंडीच्या खाडीत झाली. पुढे कान्होजी आंग्र्यांनी १७२९ मध्ये मरेपर्यंत कोकणचा किनारा असा राखला की इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून चालून येऊनही त्यांचं काही चाललं नाही. गुराब म्हणजे मोठं, तोफांचं जहाज. गलबत म्हणजे त्याहून लहान, शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालणारं, चपळ. त्यांवर कोळी होते, भंडारी होते, दालदी मुसलमान होते. मुलांना ही नावं उच्चारायला लावा. गुराब, गलबत, मचवा, पडाव, शिबाड. तोंडात मस्त घोळतात.

दोन. मग ती गेली कुठे? फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार नांगरून उभं होतं. इंग्रजांच्या गोळ्याने एका जहाजाला आग लागली आणि जहाजं एकमेकांजवळ असल्यामुळे ती आग पसरत जाऊन जवळजवळ सगळं आरमार एका दिवसात जळालं. आणि हे मुलांना सांगायला जड जातं, पण सांगा: या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं वैर होतं. आपलंच आरमार आपल्याच मदतीने बुडालं. माझ्या मुलाने विचारलं, "बट व्हाय वुड दे डू दॅट?" त्यावर आम्ही परतीच्या रस्त्यावर पाऊण तास बोललो. कुठल्याही गौरवगाथेवर इतका वेळ बोलणं झालं नव्हतं.

तीन. आपल्याकडे जहाजं बांधणारे कारागीर कागदावर आराखडे काढून ठेवत नव्हते. माप डोळ्यात आणि हातात. बाप मुलाला हाताखाली घेई, मुलगा बघून बघून शिके. ही पद्धत कमी दर्जाची मुळीच नव्हती. पण तिच्यात एक अडचण आहे. एका पिढीने हात आखडला की सगळं संपतं. कपाटात मागे काही उरत नाही. इंग्रजांकडे गोदीत मॉडेल होतं, नकाशा होता, हिशेबाची वही होती. म्हणून तीनशे वर्षांनी मेरिलँडमध्ये काचेमागे त्यांची जहाजं आहेत. मराठी आरमाराची जी मॉडेल्स आज म्युझियममध्ये दिसतात, ती नंतर चित्रांवरून आणि वर्णनांवरून बनवलेली.

चार. हात मात्र लगेच थांबले नाहीत. सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचे पारशी सुतार १७३६ मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशेच्या आसपास वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. मलबारच्या सागवानाची. इंग्लंडमध्ये ओक कमी पडायला लागला तेव्हा ब्रिटिश नौदलाने थेट मुंबईला ऑर्डरी दिल्या. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेलं ट्रिंकोमाली १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरलं आणि आज दोनशेहून जास्त वर्षांनी इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे. युरोपातलं सगळ्यात जुनं, अजून पाण्यावर असलेलं युद्धजहाज. मुंबईत बनलेलं.

आणि अमेरिकन मुलांसाठी यातला मसाला पुढे आहे. ट्रिंकोमालीचे आराखडे लंडनहून मुंबईला पाठवले होते जावा नावाच्या जहाजावरून. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जावाची गाठ पडली अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनशी. हे तेच जहाज, जे बॉस्टनला जाऊन आपण सगळे बघतो. जावा हरलं आणि नष्ट झालं, त्याबरोबर आराखडेही गेले. नवे आराखडे यायला वेळ लागला आणि मुंबईतलं काम रखडलं. म्हणजे बॉस्टनमधल्या त्या जहाजामुळे मुंबईतल्या सुतारांना वाट बघावी लागली! हे फॉरवर्ड करा की. हे खरं आहे.

पाच. मुंबईतच बनलेलं आणखी एक जहाज, कॉर्नवॉलिस, १८१३ चं. अफूच्या युद्धात चीन हरल्यावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह या जहाजावर झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. लाकूड आपलं, हात आपले, हुकूम दुसऱ्याचा. याचा अभिमान वाटायला हवा की वाईट, हे मुलांनाच ठरवू द्या. शाळेत चिनी मित्र असतात त्यांना. त्यांना ही गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी कळते.

हे सगळं आपल्याला कशासाठी?

कारण आपणही हातात माप ठेवणारे लोक आहोत. मराठी आपल्या मुलांपर्यंत कशी पोचते? पुस्तकातून किती पोचते ते आपल्याला माहीत आहे. ती पोचते पोळी लाटताना, भांडताना, आजीशी फोनवर बोलताना. हे सगळं हाताखाली शिकणं आहे. त्याचा आराखडा कुठे नाही. इथे आपली पहिली पिढी, मुलांची दुसरी. मधे एक दहा-पंधरा वर्षांची खिडकी असते, मूल कॉलेजला जाईपर्यंतची. ती गेली की पुढचं चित्रांवरून आणि वर्णनांवरून बनवावं लागतं.

ते अशक्य नाही, पण फार अवघड असतं. ताजं उदाहरण बघा. भारतीय नौदलाने कौंडिण्य नावाचं जहाज बनवून घेतलं, जुन्या पद्धतीने फळ्या काथ्याने शिवलेलं, खिळे न वापरता. आधार काय होता? अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं एक चित्र. फक्त चित्र. एका बाजूने काढलेलं. आत काय आहे, खाली काय आहे, तोल कसा राहतो, काहीच माहीत नाही. त्यासाठी आयआयटी मद्रासमध्ये मॉडेल करून पाण्यातल्या चाचण्या घ्याव्या लागल्या. आणि फळ्या शिवायला केरळमधले बाबू शंकरन यांच्यासारखे कारागीर लागले, ज्यांच्या हातात ती विद्या अजून शिल्लक होती. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने निघालं. मंत्रालय, नौदल आणि आयआयटी कामाला लागली, तरी ते हात नसते तर काय केलं असतं?

मग करायचं काय? किल्ला!

प्रमाणात छोटी प्रतिकृती करायची परंपरा आपल्याकडे नाही, असं वाटतं ना? आहे की. दिवाळीचा किल्ला! जगात अशी किती माणसं असतील जी आपल्या मुलांना दर वर्षी मातीत हात घालून इतिहासाचं मॉडेल करायला लावतात? आपण ती परंपरा इथे आणली, पण सोयीची करून. आता ऑनलाइन रंगवलेला तयार किल्ला मिळतो, बॉक्समधून काढा, मावळे चिकटवा, फोटो टाका. माझं स्पष्ट मत आहे, तो घेऊ नका. तो शोकेसमध्ये बरा. त्यातून मुलांच्या हातात काही येत नाही.

यंदा जलदुर्ग करा. सिंधुदुर्ग घ्या. १६६४ मध्ये मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू झालं. तटबंदी सुमारे तीन किलोमीटर लांब, साधारण तीस फूट उंच. आता म्युझियममधलं गणित घरी आणा. १:४८ ने केला तर भिंत साडेसात इंच होईल, छान वाटेल, पण तटाची लांबी होईल साठ मीटरच्या वर. मागचं अंगण, शेजाऱ्याचं अंगण आणि रस्ता मिळून लागेल. १:१००० ने केला तर तट तीन मीटरचा, म्हणजे गोल केला तर जेवणाच्या टेबलावर मावेल. पण मग भिंत नऊ मिलिमीटर, नखाएवढी. आणि मावळा? दीड-दोन मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढा. मग मुलांना कळतं की आपल्या किल्ल्यावरचे मावळे बुरुजाहून उंच का असतात. काय खरं ठेवायचं आणि काय मोठं करायचं, हे त्यांना ठरवू द्या. त्या हाडांच्या जहाजवाल्यांनीही हेच ठरवलं होतं.

गलबत करायला फार काही लागत नाही. आइस्क्रीमच्या काड्या, सुतळी, जुन्या धोतराचा किंवा ओढणीचा तुकडा शिडाला. बांबूची काडी डोलकाठी म्हणून. आणि काम करताना शब्द मराठीत वापरा: शीड, सुकाणू, वल्हं, नांगर, नाळ, तट, बुरूज. हे शब्द फ्लॅशकार्डवर पाठ होत नाहीत. "ते सुकाणू दे इकडे, फेविकॉल सुकतोय" असं दोनदा म्हटलं की जन्मभर राहतात. आजोबांना व्हिडिओ कॉलवर घ्या. सूचना द्यायला त्यांना फार आवडतं, आणि ते मधे मधे रागावतात, तेही चालतं. तेही मराठीच आहे.

"आमच्याकडे अपार्टमेंट आहे, माती कुठून आणू?" गॅरेजमधला कार्डबोर्ड, कणीक, मीठ, जुनी वर्तमानपत्रं. "नोव्हेंबरात थंडी असते." जलदुर्ग बाथटबमध्येही होतो. खरं सांगते, तिथे तो जास्त शोभतो. "वेळ नाही." हे मला पटतं, दोघंही नोकरी करणाऱ्या घरात वेळ खरंच नसतो. पण कराटे, कुमॉन, स्विमिंग आणि वाढदिवसांच्या पार्ट्या यांतून वर्षातले दोन शनिवार निघत नसतील, तर अडचण वेळेची नाही.

एक विनंती मात्र आहे. मुलांनी केलेला बुरूज वाकडा झाला तर रात्री ती झोपल्यावर सरळ करू नका. आपल्याला फार सवय असते त्याची. वाकडा राहू दे. ज्याने केला त्याला तो वाकडा का झाला हे कळतं, आणि पुढच्या वर्षी तो वेगळं करून बघतो. आपण सरळ केला तर त्याला फक्त एवढंच कळतं की हे आई-बाबांचं काम आहे.

इतर देशांतल्या मंडळींसाठी

यूकेवाल्यांनो, तुमची तर चंगळ आहे. चॅटमच्या जुन्या गोदीत लंडनच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमच्या जहाज-मॉडेल्सचा मोठा संग्रह ठेवलाय, आणि हार्टलपूलला जाऊन तुम्ही ट्रिंकोमालीच्या सागवानी डेकवर प्रत्यक्ष उभे राहू शकता. मुलांना तिथे चप्पल काढून उभं राहू द्या, कोणी ओरडलं नाही तर! पीटरबरोच्या म्युझियममध्ये नॉर्मन क्रॉसच्या कैद्यांनी केलेल्या वस्तू आहेत. ओमानवाल्यांनी सूरला जावं. लाकडी जहाजं बांधण्यासाठी ते गाव प्रसिद्ध आहे, आणि त्यात मलबारचं सागवान किती मुरलंय ते बघावं. दुबईवाल्यांना तर खाडीवर लाकडी धाऊ रोज दिसतात. एकदा गाडी थांबवा.

अॅनापोलिसला जाणाऱ्यांसाठी: म्युझियमला तिकीट नाही, पण ते नौदलाच्या आवारात आहे, त्यामुळे गेटवर तपासणी होते. मोठ्या माणसांनी सरकारी फोटो आयडी बरोबर ठेवा, आणि आजी-आजोबांचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका. नियम बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवर एकदा बघून घ्या. आजोबांचे गुडघे दुखत असतील तर आधीच सांगते, गेटपासून चालावं लागतं.

यंदा कोणाकोणाच्या घरी जलदुर्ग होणार ते सांगा. फोटो टाका, वाकड्या बुरुजांसकट. आणि खाली एवढं जरूर लिहा की गलबताचं नाव मुलांनी काय ठेवलं.